न धुतलेला झगा

काचेच्या पेटीतल्या झग्याची पुढची बटणं कुणीतरी उघडी ठेवली होती, म्हणून आतला खिसा दिसला. एरवी पेर्लिता तशीच पुढे गेली असती. प्रदर्शन बघायला ती आलीच नव्हती. संध्याकाळी सिनेमा दिग्दर्शक दिरेकच्या सत्कारात तिला बोलायचं होतं. माईक कुठे असेल, रंगमंचाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपतील का, एवढंच बघायला ती सकाळी नवोतासहून भाड्याच्या दोन जीपन्या बदलून मनिलाच्या या भल्यामोठ्या सभागृहात पोचली होती. बाहेरच्या लांब पडवीत दिरेकच्या आयुष्यभराच्या वस्तू मांडल्या होत्या. त्यांचा जुना कॅमेरा, विणलेली गवती टोपी, कुठल्या कुठल्या देशांनी दिलेली मानचिन्हं, आणि मधोमध हा झगा. खाली पाटी होती: 'धुरातली घरं, आईचा पोशाख'. फिकट पिवळं कापड, विटून तपकिरी झालेली फुलं, पोटावर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. या देशात तो झगा ओळखणार नाही असा माणूस विरळा. त्या सिनेमात झग्यात तोंड खुपसून बसलेली आठ वर्षांची मुलगी शाळेच्या पुस्तकात आहे, भिंतींवर आहे, आता तर मुलांच्या बनियनवरही आहे. ती मुलगी म्हणजे पेर्लिता. वेशभूषेच्या बायकांनी नानायच्या, म्हणजे तिच्या आईच्या, झग्यासारखा झगा शिवलाय, असं तिला तेव्हा सांगितलं होतं, आणि तिला ते कायम पटलेलं होतं. पण आत, डाव्या अंगाला, पिठाच्या पोत्याच्या तुकड्याचा खिसा होता, लाल दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेला. हा खिसा पडद्यावर कधी दिसला नव्हता. तो नानायच्या छातीशी असायचा. मासळीच्या धंद्यातली सुटी नाणी त्यात असत आणि पेर्लिता त्यात हात घालून नाणं शोधायची, तेव्हा नानाय गुदगुल्या झाल्यासारखी हसायची. नक्कल करणारी माणसं बाहेरून नक्कल करतात. आतलं त्यांना कोण सांगणार?

ती काचेजवळ उभी राहिली. तिचा श्वास काचेवर उमटला, पुसला गेला, पुन्हा उमटला. आपण वास घ्यायचा प्रयत्न करतो आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

नवोतासमध्ये त्या काळी दर दुसऱ्या घरातून एक बाई परदेशी निघत होती. दुसऱ्यांची घरं पुसायला, दुसऱ्यांच्या मुलांना आंघोळ घालायला. पोरं झोपलेली असताना त्या पहाटे उठून जायच्या. निरोप घेतला तर पाय निघत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं, त्याबद्दल कुणी पोर आईला दोष देत नसे. मात्र जाताना आई दोनतीन दिवस अंगात घातलेला कपडा, न धुता, पोराच्या उशाशी ठेवायची. पोर उठलं की आधी तो हुंगायचं, मग रडायचं, मग तोच कवटाळून झोपायचं. कपडा नसेल तर पोर आईच्या ध्यासानं तापानं फणफणतं, हे नवोतासच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शेजारच्या दोघी बहिणींकडे आईचा परकर होता. त्यावरून त्यांची मारामारी व्हायची. पेर्लिताच्या चटईशी काही नव्हतं. नानाय हाँगकाँगला गेली आणि पेर्लिता तापली. मावशी म्हणाली, विसरली असेल गं, घाईत होती. विसरली. त्या एका शब्दावर पेर्लिताचं सगळं लहानपण गेलं. आई गेली, ठीक. पण आपण तिच्या ध्यानातच राहिलो नाही?

शूटिंग तेव्हा सुरूच होतं. एलेउतेर्यो काबाहुग, ज्यांना तेव्हाही आणि आताही सगळे दिरेक म्हणतात, नवोतासच्या किनाऱ्यावर माशांना धुरी देणाऱ्या घरांमध्ये मुक्काम ठोकून बसले होते. बोहोलमधल्या एका घंटा वाजवणाऱ्याचा हा मुलगा, छापखान्यात कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपून सिनेमा शिकलेला. वर लष्करी राजवट, तिचे कात्री घेऊन बसलेले अधिकारी, हातात उसनी फिल्म, आणि नट म्हणून गल्लीतली माणसं. दिरेक सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून भात आणि सुकी मासळी खायचे, आणि पोरांवर कधीही ओरडायचे नाहीत. पेर्लिताला त्यांनी फणी देऊन केस विंचरायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. मदतनीस घाई करायला लागला की म्हणायचे, "मुलाला रड म्हणायचं नसतं रे. वाट बघायची असते." पुढे पेर्लिता शाळेत शिकवायला लागली तेव्हा हे वाक्य तिनं जसंच्या तसं उचललं. तिला बाप नव्हता. वाट बघणारं माणूस म्हणजे बाप, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि तो दिवस. ती अंगातल्या तापासकट धुरीच्या खोलीत बसलेली. दिरेक तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "हा बघ, तुझ्या नानायच्या झग्यासारखा शिवलाय. खोटा आहे हं. पण तू तो खरा आहे असं मनात आण. जमेल?" तिनं झगा घेतला, तोंडाशी नेला, आणि वास आला. भुशाचा धूर, खारवलेली मासळी, केसांचं खोबरेल, आणि त्या सगळ्याच्या खाली मानेच्या घामाचा तो गोडसर वास, जो दुसऱ्या कुणाला नसतो. आपण मनात आणलं आणि आला. याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं, की आधी ती झग्यातून वर बघून दिरेककडे हसली. ते हसणंही सिनेमात आहे. त्या हसण्यावर परदेशात लोकांनी पानंच्या पानं लिहिली. मग ती रडली. दिरेकनी नंतर तिला कडेवर घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही मुलगी हवेतून वास काढते." तिला वाटलं, आईनं काही ठेवलं नाही तर नाही. आपण आपलं काढू.

यावर ती जगली. सिनेमात ती पुढे टिकली नाही, तशी फार मुलं टिकत नाहीत. दिरेकनी तिला शाळेत घातलं, ती शिक्षिका झाली. शनिवारी अंगणात गल्लीतली मुलं जमवून ती नाटक शिकवायची. डोळे मिटा, म्हणायची. हातात काही नाही. आता त्यात तुमच्या आवडत्या माणसाचा वास आणा. एकदा एक कार्टं म्हणालं, "टीचर, मला नुसता गटाराचाच येतोय." सगळे खोखो हसले. तीही हसली आणि म्हणाली, गटार बाजूला सार, त्याच्यामागे बघ. कुणाला वास यायचा, कुणाला नाही. ती वाट बघायची. काही नसताना काही आणता येतं, हे गरीब पोरांना शिकवण्यासारखं तिच्याजवळ एवढंच होतं.

आता काचेसमोर उभं राहून तिला एक जुनी गोष्ट आठवली. तेव्हाचे सिनेमे मुके चित्रित व्हायचे, आवाज मागाहून भरायचे. त्या डबिंगच्या खोलीत तिला नेलं होतं. समोर पडद्यावर ती स्वतः झग्यात तोंड घालून रडते आहे, आणि माईकपुढे तिला तसंच रडायचं होतं. तिनं डोळे मिटले, हात तोंडाशी नेले. काही आलं नाही. सकाळची दुपार झाली. तिला चिंचेच्या गोळ्या दिल्या, पंख्यापुढे बसवलं, पुन्हा उभं केलं. काही म्हणजे काही आलं नाही. शेवटी एक तिशीची जाडी बाई आली, तिनं पान थुंकलं, चप्पल काढली आणि लहान मुलीचं रडणं एका दमात रडून दिलं, मग बाहेर जाऊन नूडल्स मागवले. पडद्यावरचं रडणं त्या बाईचं आहे. यात गुपित काही नव्हतं, तेव्हा असंच चालायचं. पेर्लिता खट्टू झाली तेव्हा दिरेक म्हणाले होते, "आवाजाचं काय एवढं? आवाज कुणाचाही चालतो. चेहरा तुझा आहे ना." तेव्हा सर्दी झाली होती म्हणून वास आला नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. सर्दी! त्या खोलीत झगा नव्हता. एवढं साधं होतं ते. शाळेतल्या कुठल्याही मुलाला फळ्यावर मांडून दिलं असतं तर त्यानं झटकन उत्तर दिलं असतं.

"पेर्ली! अगं, संध्याकाळचं जेवण आतापासूनच सुरू केलंस की काय? केवढी झालीस!"

दिरेक होते. चाकाच्या खुर्चीत, पुतणी मागून ढकलते आहे. पांढरा कडक सदरा, नखं स्वच्छ कापलेली, चेहरा वाळल्या आंब्यासारखा आक्रसलेला. त्यांनी हात पुढे केला आणि तिनं वाकून तो कपाळाला लावला. शरीराला अजून काही कळलेलं नव्हतं.

"दिरेक, हा झगा कुणाचा?"

"तुझ्या सिनेमातला. म्हातारी तू झालीस का मी?"

"आतला खिसा बघा."

त्यांनी खुर्ची काचेला लावून घेतली, चष्मा वर केला, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "अरे वा! हा मी कधी बघितलाच नव्हता. काय टाके आहेत! तेव्हा दिसला असता तर जवळून घेतला असता."

"म्हणजे नानायचा आहे."

"मग काय माझा? आपल्याकडे तेव्हा चहाची मारामार, झगे कुठले शिवतोय."

"तुम्ही मला खोटा म्हणून सांगितलं होतं."

"खरा म्हटलं असतं तर तू नुसती रडली असतीस. खोटा म्हटलं म्हणून आधी हसलीस. ते हसू बघ ना, पोरी! ते कुठून आणलं असतं मी?" मग आवाज खाली आणून, एका शिक्षकानं दुसऱ्याला सांगावं तसं, म्हणाले, "मुलांना काय काय सांगावं लागतं, ते आता तुलाही माहितेय."

"तिनं तुमच्याकडे कशाला दिला?"

"जायच्या आदल्या दिवशी आली. तू शूटिंगवरच झोपणार होतीस ना. म्हणाली, दिरेक, हिच्या उशाशी ठेवा, तिसरा दिवस अंगात आहे, कुणी धुवू नका. रडत होती फार. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्या हातानं देतो."

"आणि दिला नाहीत."

"दिला की!" ते खरंच दुखावले. "तुझ्याच हातात दिला. सगळ्या देशानं बघितला देताना. कॅमेरा चालू होता, एवढंच."

"मग परत का घेतलात?"

"पुढचे प्रसंग व्हायचे होते. पहिल्यासारखाच दिसायला हवा ना तो. मग पेटीत गेला, मग राहिलं." त्यांनी तिचा हात थोपटला. डोळे निवळशंख होते. त्यात लपवलेलं काही नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना. "आज छान बोल हं. ते वासाचं सांग. लोकांना फार आवडतं."

परतीच्या जीपनीत तिच्या लक्षात आलं, की मनातल्या मनात आपण त्याला 'तो' म्हणायला लागलो आहोत. त्यानं आपल्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कुठे वाईट हात लावला नाही. वर्षानुवर्षं वाढदिवसाला शेवया पाठवल्या. लुबाडणारा माणूस असा असतो का? मागून पोराच्या मांडीवरचा कोंबडा तिचे केस टोचत होता, पुढे कुणीतरी पैसे पुढे सरकवा म्हणत होतं, आणि तिला वाटत होतं की आपलं घर कुणीतरी आतून रिकामं केलंय आणि बाहेर पडदे तसेच लावून ठेवलेत. चेहरा तुझा आहे ना, तो म्हणाला होता. चेहराही आपला नव्हता. तो वासाला दिलेला साधा जबाब होता, कुत्र्याचं पिल्लूही देतं तसा. आणि नानाय? तिला काय माहीत होतं, काय नव्हतं? हा प्रश्न आला तसा तिनं तो दूर ढकलला, पण नवोतासच्या वळणावर धुराचा वास जीपनीत शिरला आणि प्रश्नही परत येऊन शेजारी बसला.

नानाय दारात बसून शेवग्याची पानं खुडत होती. पाठ वाकलेली, बोटं अजून चपळ. "आलीस एवढ्यात? हाकललं की काय त्यांनी?"

"नानाय, तू झगा ठेवला होतास."

बोटं थांबली. "कुणी सांगितलं?"

"आतला खिसा दिसला."

"लाल दोऱ्याचा," नानाय म्हणाली. "दुसरा दोरा नव्हता घरात."

पेर्लिता उभीच होती. तिला ती संध्याकाळ दिसत होती, नानाय हाँगकाँगहून कायमची परत आली ती. साबण, टॉवेल, चॉकलेटं यांचं खोकं उघडून बसलेली, आणि पेर्लिता, वीस वर्षांची, शिक्षिका होऊ घातलेली, सगळ्या शेजाऱ्यांदेखत म्हणाली होती, दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे इतकी वर्षं धुतलेस, माझ्यासाठी एक न धुतलेला ठेवणं जमलं नाही तुला? त्यानंतर दोघी एका छपराखाली राहिल्या. औषधं, भात, वीजबिल यांच्याबद्दल बोलल्या. पेर्लितानं तिची सेवा केली, चोख केली, परिचारिका करते तशी.

"मी एवढं बोलले, आणि तू गप्प बसलीस?"

"मी तिथेच बघितला होता सिनेमा," नानाय पानांकडे बघत म्हणाली. "रविवारी सुटी असायची, चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. सगळ्या बायका ढसाढसा रडत होत्या आणि मी एकटी हसत होते. शेजारची म्हणाली, वेड लागलं का गं तुला? मी म्हटलं, मिळाला माझ्या पोरीला. बघ, मिळाला." तिनं एक काडी बाजूला टाकली. "तू बोललीस तेव्हा कळलं, की काढून घेतला."

"मग सांगायचं ना!"

"त्यानं माझे परदेशी जायचे कागद करून दिले. तुला शाळेत घातलं. कुठल्या तोंडानं बोलू?"

"एवढ्यासाठी? एवढ्यासाठी मला तुझा राग राग करू दिलास?"

नानायनं खुडलेली पानं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सांगणार होते. अंगणात आले तर तू पोरं घेऊन बसलेलीस. सगळ्यांना डोळे मिटायला लावले होतेस. सांगत होतीस, काही नसताना मी माझ्या आईचा वास आणला. एकूण एक पोरगं डोळे मिटून, नाक वर करून बसलं होतं. तुझा चेहरा असा..." तिनं हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "एकदा तुझ्याकडून काढून घेतलं होतं कुणीतरी. आता परत मी घेऊ?"

पेर्लिताला वाटलं होतं, खरं कळल्यावर आपण नानायच्या मांडीत डोकं ठेवू. तसं काही झालं नाही. उलट तिला नानायचाच संताप आला, त्याच्याहून जास्त. या दोघांनी मिळून आपल्याला एका खोट्यात ठेवलं, एकानं हौसेनं, एकीनं मायेनं, आणि आपण मधे बसून पोरांना शिकवत राहिलो. किती पोरं. त्यांतल्या कितींच्या आया गेलेल्या होत्या. ज्यांना वास आला नाही, त्यांना आपण आणखी प्रयत्न कर म्हणालो! तिनं विचारलं, "आता मी संध्याकाळी काय बोलू?"

"खरं ते बोल," नानाय उठत म्हणाली. "मीही येते. निळा ब्लाउज इस्त्री करून दे, मला वाफ सोसत नाही."

सभागृह भरलं होतं. मंत्री होते, जुन्या नट्या होत्या, सिनेमा शिकणारी तरुण मुलं जमिनीवर बसली होती. नानायला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आधी पडद्यावर तो प्रसंग दाखवला. पेर्लितानं तो असंख्य वेळा बघितला होता, पण आज ती मुलगी हसून वर बघते तेव्हा ती कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे किती विश्वासानं बघते, तेवढंच तिला दिसलं. मग त्या जाड्या बाईचं रडणं सुरू झालं. लोक नाकं पुसायला लागले. दिवे लागले, तिचं नाव पुकारलं गेलं. पायऱ्या उंच नव्हत्या. दिरेक रंगमंचावर हारांमध्ये बसला होता. त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही, माईक घेतला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुतणीनं हाराची गाठ नीट केली.

तिनं भाषण लिहून आणलं नव्हतं. दोनच वाक्यं होती. वर्गात बोलते तशी ती सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी बोलली. "त्या प्रसंगात मी अभिनय केलेला नाही."

ती श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी जमिनीवरच्या मुलांच्या, मग मागून, मग सगळीकडून. कुणीतरी "वा!" म्हणून ओरडलं. दिरेकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या बोटांमधून खरं पाणी येत होतं. आयुष्यात याहून मोठी शाबासकी त्याला मिळाली नव्हती, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. पेर्लितानं दुसरं वाक्य म्हटलं, तो झगा माझ्या आईचा होता, तिनं तो माझ्यासाठी ठेवला होता. टाळ्यांमध्ये ते तिला स्वतःलाही ऐकू गेलं नाही. वाद्यवृंदानं सूर धरला, सूत्रसंचालकानं हसत हसत तिच्या हातातून माईक सोडवून घेतला. तिनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. नानाय टाळ्या वाजवत नव्हती. निळ्या ब्लाउजमध्ये, हात मांडीवर ठेवून, ती तोंड किंचित उघडं टाकून वर बघत होती, पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट बघावी तशी. मग पहिली रांग उठून उभी राहिली, दुसरी राहिली, सगळं सभागृह उभं राहिलं, आणि त्या पाठींच्या आड नानाय दिसेनाशी झाली.